धुक्यातला रंकाळा फोटोवरून रंगवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरातल्या एका सकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूनं तुम्ही मोबाइलवर कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचा फोटो काढलात. पाण्यावर धुकं, पलीकडं झाडांची रांग, तिच्यामागं शहर, आणि पुढं उजवीकडं काठावर वाकलेलं एक झाड. या फोटोवरून तीनदा जलरंगात चित्र केलं आणि तिन्ही वेळा धुक्याची राख झाली. मनालीच्या सहलीतला बर्फाचा फोटो रंगवला, तर तो सगळा निळा पडला. चुकतंय काय, आणि फोटोवरून चित्र करणं ही मुळातच लबाडी आहे का?

लबाडीचं आधी मिटवतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांसारख्या चित्रकारानं १९१८ च्या सुमाराला स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, त्या गावात ब्रश आणि कॅमेऱ्याचं वैर असण्याचं कारण नाही. फोटो तुमचा स्वतःचा असला की झालं. दुसऱ्याचा फोटो इंटरनेटवरून उचलून जसाच्या तसा रंगवणं मात्र टाळा. आपल्याकडे फोटोवर तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, आणि त्याहून मोठी अडचण अशी की त्या सकाळी तुम्ही तिथं नव्हता. उजेड कसा होता हे तुम्हाला कोण सांगणार?

तुमच्या तिन्ही चित्रांचं दुखणं इथंच आहे. तुम्ही स्वतः तिथं होता, गारठ्यात उभे होता, पण रंगवायला बसल्यावर स्वतःच्या डोळ्यांची साक्ष बाजूला ठेवलीत आणि फोटो सांगेल ते खरं मानलंत. हिवाळ्याच्या निसर्गचित्रात हे सगळ्यात महागात पडतं. उन्हाळ्यातल्या भर दुपारी सावल्या काळ्या आणि भिंती पांढऱ्या असतात, तिथं कॅमेरा थोडा चुकला तरी चित्र तरतं. हिवाळ्यातल्या सकाळी सगळा खेळ दोन करड्यांमधल्या बारीक फरकाचा असतो आणि कॅमेरा नेमका तोच फरक खाऊन टाकतो.

कसा खातो, ते बघा. कॅमेऱ्याचं स्वयंचलित मोजमाप समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या करड्याच्या आसपास आणायला बघतं. धुकं आणि बर्फ दोन्ही त्या मधल्या करड्यापेक्षा खूप उजळ. त्यामुळे कॅमेरा त्यांना खाली ओढतो, उजळ धुकं मळकट होतं, बर्फ मातकट होतो. वर मोबाइल स्वतःहून आणखी कारागिरी करतो: कडा टोकदार करतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो, थंडीची निळसर किंवा उन्हाची पिवळट झाक 'चूक' समजून पुसतो. धुक्यानं जे काही केलेलं असतं, म्हणजे कडा विरघळवणं, फरक कमी करणं, सगळ्यावर एक रंग चढवणं, ते सगळं मोबाइल उलटं फिरवून देतो. राख तुमच्या पॅलेटवर होण्याआधी फोटोतच झालेली होती.

मला हा धडा एका गुऱ्हाळात मिळाला. रोलच्या कॅमेऱ्याचे दिवस होते, एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यामुळे जपून काढायचे. पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गुऱ्हाळाचा जानेवारीतल्या पहाटेचा फोटो काढला. चुलवाणात चिपाडांचा जाळ, काहिलीवर वाफ, बाहेर उसाच्या फडावर धुकं. त्यावरून आठ दिवस खपून मोठं चित्र केलं. जाळाच्या मागं सगळा मिट्ट काळोख, अगदी फोटोत होता तसा. मी खूश होतो. हौसेनं ते गुऱ्हाळात दाखवायला नेलं. गुळव्यानं हात पुसले, चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाला, "आमच्या गुऱ्हाळात एवढा काळोख कुठं असतोय? जाळाच्या उजेडात सगळं दिसतंय की. हितं बसून सुई ओवावी." आणि खरंच, मी वर बघितलं तर कुडाच्या मागच्या भिंतीवर तांबूस उजेड होता, टांगलेली पोती दिसत होती, कोपऱ्यातला माणूस दिसत होता. हे सगळं मी पहाटे डोळ्यांनी पाहिलं होतं. फोटोनं ते गिळलं आणि मीही फोटोच्या बाजूनं झालो. ते चित्र आजही माझ्याकडं आहे, आणि माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते आधी दाखवतो.

तेव्हापासून माझा नियम: फोटो आकारासाठी, नोंद उजेडासाठी. झाडाची वाक, पायऱ्यांची संख्या, इमारतीची उंची, होडीचा कोन यासाठी फोटोइतका चांगला साक्षीदार नाही. पण किती उजळ, किती गडद, कोणता रंग कोणत्या रंगाकडं झुकतोय, हे तिथं उभं राहूनच लिहून आणायचं. रंगाची पेटी नेली नाही तरी चालेल. खिशात पेन्सिल आणि पाकिटाच्या मागची कोरी बाजू पुरते. माझी गेल्या जानेवारीतली एक नोंद जशीच्या तशी देतो: "आकाश खाली फिकट जर्दाळू, वर चढताना निळसर करडं. पाणी आकाशापेक्षा एक पायरी गडद. लांबची झाडं: आकाशात नुसता थोडा जास्त रंग, हिरवं अजिबात नाही. मधली: निळं-जांभळं करडं, बुंधे दिसत नाहीत, खालची बाजू धुक्यात संपते. जवळचं झाड: तांबूस काळं, काळं नव्हे. सर्वांत उजळ जागा: सूर्याच्या खालचं पाणी, आकाश नव्हे." सहा-सात ओळी. धुकं उठायच्या आत दहा मिनिटांत होतात. हा कागद फोटोशेजारी टाचून ठेवायचा आणि दोघांचं पटलं नाही तर कागदाचं ऐकायचं.

धुक्याची एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, म्हणजे निम्मं चित्र झालं. आपण आणि वस्तू यांच्यामध्ये जेवढं जास्त धुकं, तेवढा वस्तूतला गडदपणा आकाशाकडं सरकतो. गडद जागा आधी फिक्या होतात. म्हणजे लांबच्या झाडीत गडद जागा असूच शकत नाही. उजेडाच्या दहा पायऱ्या धरा, कोरा कागद एक आणि काळी शाई दहा. तुमच्या सकाळी आकाश दोनवर असेल, पलीकडची झाडं तीनवर, फार तर साडेतीन, मधली पाचच्या आसपास आणि पुढचं वाकलेलं झाड आठवर. तुमचा फोटो मी बघितला. त्यात पलीकडची झाडं सहावर गेलीत आणि पुढचं झाड सरळ दहावर. तुम्ही इमानदारीनं सहा रंगवलेत. सहावर असलेलं झाड शंभर पावलांवर उभं असतं, तळ्यापलीकडं नसतं. म्हणून तुमच्या चित्रात अंतर मेलं, आणि अंतर मेलं की धुकं म्हणजे नुसता करडा रंग उरतो.

हे तपासायला सोपी युक्ती. फोटो मोबाइलवर कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट खाली आणा, सावल्या वर उचला, नोंदीशी जुळेपर्यंत. मग पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत ४बी पेन्सिलीनं फक्त चार टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदाच्या चार पायऱ्यांत, छोटं स्केच करा. तपशील शून्य. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ते उभं करून डोळे बारीक करून बघा. तळ्यापलीकडचं लांब वाटलं तरच रंगाला हात लावा. या स्केचला वीस मिनिटं लागतात आणि लोक तीच वाचवायला बघतात.

पुढच्या वेळी फोटो काढतानाही थोडं जपा. स्क्रीनवर धुक्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये उजेडाचं मोजमाप तिथं अडकतं, मग ते बोटानं थोडं वर सरकवा. एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो घ्या. एकात आकाश नीट येईल, एकात झाडाचा बुंधा. आणि शक्यतो दुपटीच्या झूमवर काढा. मोबाइलची नेहमीची भिंग रुंद असते, ती जवळच्या वस्तू फुगवते आणि लांबचं पार मुंगीएवढं करते. जोतिबाचा डोंगर डोळ्याला केवढा दिसतो आणि फोटोत केवढा येतो, हा अनुभव इथल्या प्रत्येकानं घेतलाय. चित्रात डोंगर डोळ्याएवढा करा, बिनदिक्कत.

आता हिवाळ्याच्या उन्हाबद्दल. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १६.७ अंशांवर आहे. मे महिन्यात दुपारी सूर्य इथं बरोब्बर डोक्यावर येतो. डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला मात्र भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून पन्नास अंशांच्या वर चढत नाही, आणि उगवतो तो पूर्वेच्या सुमारे चोवीस-पंचवीस अंश दक्षिणेला सरकून. अंबाबाईचा किरणोत्सव आपण वर्षातून दोनदा बघतो, नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि जानेवारी संपताना व फेब्रुवारी सुरू होताना. सूर्य दक्षिणेकडं जाताना आणि तिकडून परत येताना, दोन्ही वेळा मावळतीची किरणं महाद्वारातून तशीच तिरपी आत येतात. चित्रकारानं हा उत्सव उजेडाचा पाठ म्हणूनही बघावा. हिवाळ्यात ऊन असं लांबून, आडवं, हळदीच्या रंगाचं येतं आणि सावल्या लांबच लांब पडतात. सावलीवर उजेड पडतो तो निळ्या आकाशाचा, म्हणून उन्हाचा पिवळेपणा जितका वाढेल तितकी सावली निळी-जांभळी वाटते. जानेवारीतल्या सकाळी चुन्याच्या भिंतीवर झाडाची सावली बघा, तिच्यात काळं शोधूनही सापडत नाही. दाट धुक्यात मात्र उलट. तिथं उजेड सगळीकडून येतो, जमिनीवर सावली पडतच नाही. तुमच्या दुसऱ्या चित्रात झाडाखाली सावली आहे. ती काढली की ते झाड पुन्हा धुक्यात उभं राहील.

इथून बर्फ एका पावलावर आहे. बर्फाच्या सावल्या निळ्या असतात त्याचं कारणही हेच आकाश. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानं १८६८-६९ च्या हिवाळ्यात कुंपणाच्या फाटकावर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याचं चित्र केलं, ते आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्यात कुंपणाच्या सावल्या निळ्या-जांभळ्या आहेत आणि तरी बर्फ उबदार उन्हात पडल्यासारखा दिसतो, कारण उन्हातला बर्फ त्यानं पिवळट-गुलाबी ठेवलाय. तुमचा फोटो निळा पडला तो मोबाइलच्या हिशोबानं, आणि तुम्ही उन्हातला बर्फही निळाच केलात. सगळंच निळं झालं की निळं दिसायचं बंद होतं, नुसतं गार वाटतं.

आपण बर्फात वाढलो नाही, त्यामुळं नोंद कुठून आणायची? त्यासाठी घरचा उपाय सांगतो. सकाळी आठच्या सुमाराला धुतलेली पांढरी चादर गच्चीवर चुरगाळून टाका, उंचवटे-खड्डे होऊ द्या, आणि समोर बसा. उन्हाची बाजू किंचित पिवळट दिसेल. आकाशाकडं तोंड करून असलेली सावली निळसर, आणि शेजारी विटांची भिंत असेल तर तिच्याकडं वळलेल्या घडीत तांबूस झाक. कोरा कागद ठेवण्याइतकी पांढरी जागा अख्ख्या चादरीत तळहाताएवढीसुद्धा सापडणार नाही. हे दोन-तीन सकाळी जलरंगात केलंत की मनालीचा फोटो तुम्हाला वेगळाच दिसायला लागेल. तरीही माझं प्रामाणिक मत विचाराल तर आधी रंकाळा करा. त्या गारठ्याची आठवण तुमच्या अंगात आहे, बर्फाची चार दिवसांची आहे.

रंग मळण्याचं कारण टोनपेक्षा वेगळं आहे. तुम्ही करडा रंग काळ्यात पांढरा मिसळून केलाय, हे फोटोतूनही कळतं. तो मेलेला करडा. दोन्ही ट्यूबा या चित्रापुरत्या पेटीबाहेर ठेवा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या दोनच रंगांतून उबदार करड्यापासून गार करड्यापर्यंत सगळं मिळतं. एक थेंब इकडं, एक थेंब तिकडं. आकाशाच्या खालच्या भागासाठी रॉ सिएना (मातकट पिवळा) अगदी पातळ आणि त्यात नखाएवढा लाइट रेड. चार रंग झाले. पाचवा नको.

कागद शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. एकच घ्या, चार तुकडे करून वापरा, पण तोच घ्या. हलक्या कागदावर धुकं होत नाही, कारण तो पाणी धरून ठेवत नाही. आपल्याकडं जानेवारीत दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओलसर कागद बघता बघता वाळतो, आणि अर्धवट वाळलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवला की रंग मळलाच. यावर माझा उपाय असा: कागद दोन्ही बाजूंनी चांगला भिजवायचा, काचेवर किंवा अॅक्रिलिकच्या पत्र्यावर पसरायचा, हवा काढून टाकायची आणि वरचं साचलेलं पाणी फडक्यानं टिपायचं. कागद चमकला पाहिजे, डबकं दिसता कामा नये. असा कागद बराच वेळ ओला राहतो.

मग क्रम. आधी आकाश आणि पाणी एकाच दमात, वरपासून खालपर्यंत, मधे न थांबता. रंग वाळला की फिका होतो, म्हणून डोळ्याला योग्य वाटतो त्यापेक्षा थोडा गडद लावा. चमक असतानाच लांबची झाडं: ब्रशमध्ये रंग दाट, पाणी कमी. ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा जास्त झालं की फुलकोबीसारखे डाग फुटतात, तुमच्या पहिल्या चित्रात डावीकडं फुटलेत तसे. झाडांचा वरचा आकार ठेवून खालची बाजू स्वच्छ ओल्या ब्रशनं सोडवून टाका, म्हणजे ती धुक्यात संपेल. चमक गेली आणि कागद नुसता गार लागतोय अशा वेळी मधली झाडी. त्यानंतर हात मागं. पूर्ण वाळू द्या, हाताच्या मागच्या बाजूनं तपासा. शेवटी पुढचं वाकलेलं झाड, कोरड्या कागदावर, एकाच जोरकस रंगात, आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब झाडापेक्षा एक पायरी फिकं. सगळ्या चित्रात टोकदार कडा फक्त या झाडालाच. तिथं नजर थांबते आणि बाकीचं आपोआप मागं जातं.

शहरातल्या इमारती, मोबाइलचे टॉवर, विजेच्या तारा गाळून टाका. फोटोत आहेत म्हणून काढल्याच पाहिजेत असं नाही. पण पलीकडच्या झाडांच्या उंचीत चढउतार ठेवा, सगळी एका रेषेत कापल्यासारखी आली की ते कुंपण होतं. रेखाटन चौकटी आखून केलं तरी हरकत नाही, वेळ वाचतो. ट्रेसिंग मात्र करू नका, त्यानं भिंगाचे सगळे दोष तसेच कागदावर उतरतात.

एक दिवस टाउन हॉलच्या संग्रहालयात जा आणि आबालाल रहिमान यांच्या चित्रांसमोर उभे राहा. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हा त्यांचा परिसर. १९३१ साली गेलेला हा माणूस त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. ती चित्रं बघताना एकच काम करा: चित्रातली सर्वांत लांबची वस्तू कोणती आणि ती किती थोड्या रंगात उभी केलीय, ते शोधा. मग बाहेर येऊन मोबाइलमधला तुमचा फोटो उघडा. कुठं काय जास्त झालंय, ते मी सांगायची गरज उरणार नाही.

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. पावणेसातला शालिनी पॅलेसच्या बाजूला पोचलात तर उगवतीआधीची वीस मिनिटं हाताशी येतात, आणि पाण्यावरचं धुकं तेव्हाच सर्वांत नीट बघता येतं. सूर्य समोरून, थोडा उजवीकडून येईल. आधी पाच मिनिटं नुसतं बघा, मग नोंद, मग फोटो. क्रम बदलू नका. फोटो काढला की डोळे आपोआप सुट्टीवर जातात.

आणि ती तीन चित्रं टाकू नका. तिसऱ्या चित्रात वरच्या डाव्या कोपऱ्यात, मास्किंग टेपला लागून, तीन बोटं रुंदीची एक पट्टी आहे. तिथं तुम्ही बहुधा घाईत ब्रश पुन्हा फिरवला नाही. आकाश तिथं खाली पिवळसर, वर करडं असं अलगद उतरलंय आणि एका झाडाचा शेंडा त्यात नुसता श्वासासारखा उमटलाय. तेवढा तुकडा कापून घ्या, नोंदीच्या कागदाशेजारी टाचा, आणि चौथ्या वेळी त्याच्याकडं बघून रंग कालवा.